पावसाळ्यानंतर बंद घर उघडताना

चार महिने मुलांकडे मुंबई-पुण्यात राहून कोकणातल्या घरी परतलात, की कुलूप काढल्या काढल्या केरसुणी हातात घेऊ नका. आधी दारं-खिडक्या सताड उघडा, तासभर वारा खेळू द्या. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसून काढा. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू उंदराच्या मुतातून पसरतो आणि पायाच्या साध्या भेगेतूनही शरीरात शिरतो. म्हणून मागच्या पडवीत, न्हाणीत अनवाणी जाऊच नका.

विहिरीकडे मात्र नीट लक्ष द्या. पाण्याचा अंदाज घेऊन दर १००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा. चुन्याचा साका खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली विहिरीत खोल सोडून वर-खाली हलवा. तासाभराने पाणी वापरायला हरकत नाही. पिण्याचं मात्र उकळूनच घ्या.

गाद्या-गोधड्या उन्हात टाका. मीटरपेटीत ओल दिसली तर कुठल्याही बटणाला हात न लावता वायरमनला बोलवा. आणि शेजारच्या काकूंनी पेजेला बोलावलं तर खुशाल जा, पहिल्याच दिवशी चुलीची घाई नको.