लहान मुले, भरपूर सामान आणि गोव्यातील विमानतळ : कुटुंबाने तयारी कशी करावी

लहान मुलांसह विमानप्रवास ठरला की घरात पहिली चर्चा सामान किती न्यायचे यावर होते. मोठ्या बॅगांचे ओझे काउंटरवर उतरते, त्यामुळे त्यांची चिंता तिथेच संपते. त्यानंतर सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यापाशी हातातल्या पिशव्या, बाबागाडी, फोन, पाकिटे आणि कडेवरचे मूल हे सारे काही मिनिटांसाठी हातावेगळे करून लगेच पुन्हा गोळा करावे लागते. कुटुंबाची सर्वांत जास्त ओढाताण याच मिनिटांत होते. म्हणून बॅगा भरताना, कपडे निवडताना आणि कोणी काय धरायचे हे ठरवताना हाच टप्पा डोळ्यांपुढे ठेवावा. तो नीट पार पडला की बाकीचा प्रवास तुलनेने सोपा जातो.

कोणता विमानतळ?

गोव्यातून निघणाऱ्यांना आणि गोव्यात येणाऱ्यांना एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच तपासावी लागते. राज्यात दोन विमानतळ आहेत : वास्कोजवळचा दाबोळी आणि पेडणे तालुक्यातील मोपा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाली. तिकिटाच्या संकेतस्थळांवर दोन्हींच्या नावापुढे 'गोवा' हाच शब्द येतो आणि फरक तीन अक्षरी संकेतांकात दिसतो : दाबोळीसाठी जीओआय, मोपासाठी जीओएक्स. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असलेले तिकीटही निघू शकते. एकटा माणूस ही चूक टॅक्सीचे जास्त भाडे देऊन निस्तरेल, पण दोन मुले आणि चार बॅगा घेऊन चुकीच्या दारात उभे राहिलेल्या कुटुंबाचे विमान बहुधा चुकतेच.

निवड करण्याची मुभा असेल, तर तिकिटातील शे-पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा रस्त्याचा विचार आधी करावा. पेडणे, म्हापसा, डिचोली किंवा सीमेपलीकडील सावंतवाडी आणि दोडामार्ग येथील लोकांना मोपा जवळ पडतो. मडगाव, वास्को आणि फोंडा येथील लोकांना दाबोळी सोयीचा आहे. मडगावहून मोपाला जायचे म्हणजे जवळजवळ संपूर्ण गोवा दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडावा लागतो, आणि वाटेत पर्वरीची कोंडी लागू शकते. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांच्या बाबतीत हा दीड-दोन तासांचा प्रवास पुढच्या विमानप्रवासापेक्षा जड जातो. पणजीकरांसाठी अंतरात फारसा फरक नाही, आणि आगशी-कुठ्ठाळीदरम्यान झुआरीवर नवा पूल झाल्यापासून दाबोळीची वाटही पूर्वीइतकी बेभरवशाची राहिलेली नाही. कदंबच्या बसगाड्याही मोपाला जातात आणि त्या चांगल्या आहेत, परंतु तान्हे मूल आणि बाबागाडी सोबत असल्यास घराच्या दारातून निघणारी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेली बरी. टॅक्सीत लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची नसते, हे गृहीत धरून चालावे.

कागदपत्रे आणि आसने

दोन वर्षांखालील मूल देशांतर्गत विमानात मोठ्यांच्या मांडीवर बसू शकते, मात्र त्याचे नाव तिकिटावर असावे लागते आणि वयाचा पुरावा दाखवावा लागतो. जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही चालते. पाच वर्षांखालील मुलांना निळ्या रंगाचे बाल आधार मिळते; तेही जवळ असावे. जाताना मूल दोन वर्षांखालील आणि परतताना दोन वर्षे पूर्ण झालेले, असे असेल तर परतीसाठी त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते. चतुर्थीला किंवा मे महिन्यात लांब मुक्कामासाठी येणाऱ्या कुटुंबांनी तारखा नीट मोजून पाहाव्यात.

परदेशी जाताना प्रत्येक मुलाला, अगदी महिन्याभराच्या बाळालाही, स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत साधारणपणे पाच वर्षांचीच असते. वडील आखातात किंवा बोटीवर नोकरीला आणि आई एकटी मुलांना घेऊन त्यांच्याकडे निघालेली, हे चित्र गोव्यात नवे नाही. अशा वेळी काही देशांत दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र मागितले जाते, म्हणून ते आधीच करून घ्यावे.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरील आई किंवा वडिलांपैकी निदान एकाशेजारी आसन द्यावे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितले आहे. त्यामुळे सर्वांची तिकिटे एकत्रच काढावीत. वेगवेगळी काढली की हा आधार हातचा जातो. मांडीवरची दोन बाळे असतील, तर आई आणि वडील यांना एकाच रांगेच्या एकाच बाजूला बसवत नाहीत, कारण तीन आसनांच्या डोक्यावर सहसा चारच प्राणवायूचे मुखवटे असतात. जुळ्या मुलांच्या पालकांनी मार्गिकेच्या दोन्ही बाजूंची आसने आधीच मागून घ्यावीत.

बॅगा कशा भराव्यात

देशांतर्गत प्रवासात सामान्य तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी १५ किलो मोठे सामान आणि ७ किलोंची एक हातबॅग नेऊ देतात. बाळाची बाबागाडी सहसा विनाशुल्क जाते, तरी बाळाच्या वाट्याचे वेगळे सामान मिळते का, हे कंपनीगणिक बदलत असल्यामुळे तिकिटावरच पाहून घ्यावे. तीन मध्यम बॅगांपेक्षा दोन मोठ्या बॅगा बऱ्या, कारण मोजायला आणि ढकलायला वस्तू जितक्या कमी तितके चांगले. गोव्याबाहेर नातेवाइकांकडे निघालेल्या घरांत कोकम, काजू, लोणच्याच्या बरण्या आणि खोबरे यांची भर शेवटच्या रात्री पडते. लोणचे आणि तूप हातबॅगेत घेऊ नये, ते घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाकावे. सुक्या खोबऱ्याला तेलामुळे ज्वलनशील मानले जाते. ते कोणत्याच बॅगेत चालत नाही आणि आजीने प्रेमाने दिलेल्या वाट्या तिथेच काढून ठेवाव्या लागतात. पॉवर बँक मात्र उलट, केवळ हातबॅगेतच न्यावी लागते.

हातात न्यायच्या वस्तूंचे दोन भाग करावेत. एका बॅगेत विमानात लागणारे सारे काही असावे : दर दोन तासांस एक या हिशेबाने डायपर आणि वर दोन जादा, ओले रुमाल, मुलांचे कपड्यांचे दोन जोड, आई-वडिलांसाठी एकेक सदरा (हा बहुतेक लोक विसरतात), औषधे आणि खाणे. दुसरी पिशवी लहान आणि गळ्यात अडकवण्याजोगी असावी. तीत कागदपत्रे, बोर्डिंग पास, फोन आणि पैसे ठेवावेत. नेलकटर, लहान कात्री आणि खेळण्यातले पिस्तूल हातबॅगेत राहिले नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. अशा खेळण्यामुळे पट्टा थांबतो आणि मुलाचे रडणे सुरू होते.

दारापाशी आणि काउंटरवर

देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आणि परदेशी प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे, असे सांगितले जाते. मुले असल्यास त्यात अर्धा तास मिळवावा. डिसेंबरात आणि चतुर्थीच्या आसपास तो अर्धा तास अपुरा पडतो. देशांतर्गत काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. आपल्याकडे निरोप द्यायला निम्मे घर येते, परंतु तिकीट नसलेल्यांना इमारतीत प्रवेश मिळत नाही आणि दारापुढे गाडी फार वेळ उभी करता येत नाही. म्हणून डोळे पुसणे आणि पाया पडणे घरीच उरकावे. गाडी थांबताच एकाने ट्रॉली आणावी, दुसऱ्याने मुले गाडीतच ठेवावीत आणि सामान चढल्यावरच त्यांना उतरवावे. ट्रॉलीवर सामानाच्या ढिगावर मुलाला बसवण्याचा मोह आवरावा. चाक अडखळले की बॅगेसकट मूल खाली येते.

काउंटरवर दोन गोष्टी सांगाव्यात. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत वापरणार असल्यास तिला तशी चिठ्ठी लावून घ्यावी, आणि उतरल्यावर ती दारापाशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे तिथेच विचारावे. पट्ट्यावर मिळणार असेल, तर बाळाला अंगाला बांधायची पिशवी जवळ असलीच पाहिजे. विमान इमारतीला जोडणाऱ्या पुलाला न लागता दूर उभे राहिले, तर बस आणि शिडी वाट्याला येतात आणि तिथे बाबागाडीचा उपयोग नसतो. एकटी आई मुलांसह जात असेल, तर तिने तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे मदत मागून ठेवावी. रांग चुकवण्यासाठी धडधाकट आजीला चाकांच्या खुर्चीत बसवण्याची युक्ती काही घरांत रूढ आहे. ज्यांना ती खुर्ची खरोखर हवी असते, त्यांची वाट त्यामुळे लांबते, एवढे लक्षात घ्यावे.

सुरक्षा तपासणी

रांगेत शिरण्यापूर्वी डायपर बदलावा आणि मोठ्या मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणावे. फोन, घड्याळे आणि किल्ल्या रांगेत उभे असतानाच गळ्यातल्या पिशवीत टाकाव्यात आणि पॉवर बँक व लॅपटॉप हाताशी ठेवावेत, म्हणजे ट्रेपाशी पोहोचल्यावर खिसे चाचपावे लागत नाहीत. बाळाचे दूध, पेज, उकळून गार केलेले पाणी आणि औषधे प्रवासापुरती नेता येतात, आंतरराष्ट्रीय उड्डाणातील १०० मिलिलिटरची मर्यादा त्यांना लागत नाही. मात्र ती बॅगेच्या तळाशी न ठेवता पारदर्शक पिशवीत वेगळी काढून दाखवावीत.

आपल्याकडे पुरुषांची आणि स्त्रियांची झडती वेगळी होते, स्त्रियांची पडद्याआड. म्हणजे नेमक्या याच ठिकाणी आई आणि वडील एकमेकांपासून दूर जातात. मुले कोणाबरोबर आणि बॅगा कोणाबरोबर, हे तिथे ओरडून ठरवण्यापेक्षा रांगेत उभे असतानाच ठरवावे. सामान्यतः वडिलांनी बॅगा पट्ट्यावर ठेवून आधी पलीकडे जावे आणि ट्रे उतरवून घ्यायला उभे राहावे. आईने मुलांना घेऊन थोडे मागे थांबावे आणि वडील पलीकडे दिसले की मगच पुढे व्हावे. चालते मूल वडिलांच्या पुढे धावत सुटले, तर आई पडद्याआड आणि वडील यंत्राच्या अलीकडे अशी स्थिती होते. म्हणून त्याचा हात आईनेच धरून ठेवावा.

बाबागाडी सर्वांत शेवटी घडी करावी, म्हणजे बाळ शेवटच्या क्षणापर्यंत तीत बसून राहते. एका हाताने घडी होते का, याचा सराव घरी करून पाहावा. कित्येक महागड्या गाड्या या एका परीक्षेत नापास होतात, आणि प्रवासासाठी त्यापेक्षा साधी, हलकी, छत्रीसारखी मिटणारी गाडी चांगली. ती यंत्रात मावली नाही, तर जवान हाताने तपासतात. बाळाला बांधलेल्या पिशवीतून बाहेर काढायला सांगितले, तर वाद घालू नये. पायांतले चांदीचे वाळे किंवा कमरेच्या साखळीमुळे यंत्र वाजते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तरी काढता येण्याजोगे दागिने घरूनच बॅगेत टाकावेत. मोठ्या मुलाला हा सारा प्रकार आदल्या दिवशी खेळातून दाखवून ठेवावा. आपले आवडते अस्वल यंत्राच्या एका तोंडातून जाऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर येते, हे ठाऊक असलेले मूल ते निमूटपणे ट्रेमध्ये ठेवते.

पलीकडे गेल्यावर लगेच चालू लागू नये. ट्रे उचलून जवळच्या बाकापर्यंत जावे आणि तिथे वस्तू मोजाव्यात. पट्ट्यावर राहून जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात : पाण्याची बाटली, टोपी, चार्जर आणि बाळाचा एक बूट.

गेटपासून घरापर्यंत

गेटवर मुलांना बसवून ठेवण्यापेक्षा चालू द्यावे. लहान मुले असलेल्या कुटुंबांना बहुधा आधी बोलावतात. त्या वेळी एकाने बॅगा घेऊन पुढे जावे आणि दुसऱ्याने मोठ्या मुलाला घेऊन मागून यावे, मात्र गेट उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते याचे भान असावे. विमानात मांडीवरच्या बाळासाठी जादा पट्टा मिळतो, तो मागून घ्यावा. उतरताना कान दडपतात आणि ही उतरण जमिनीवर टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी सुरू होते. तेव्हा बाळाला पाजावे, मोठ्याला थोडे थोडे पाणी प्यायला द्यावे. झोपलेले मूल गिळत नाही, म्हणून त्याला हळूच जागे करावे, जरी मन होत नसले तरी. सर्दी किंवा कानदुखी असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दाबोळी नौदलाच्या तळावर आहे, तेव्हा विमानातून उतरून बससाठी थांबल्यावर मुलांचे फोटो काढायला फोन बाहेर काढू नये. सामानाच्या पट्ट्यापाशी एकानेच जावे आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन भिंतीकडे थांबावे. बॅगा मिळाल्यावर चिठ्ठ्यांचे क्रमांक जुळवावेत आणि बाबागाडी तिथेच उघडून तिची चाके फिरवून पाहावीत. काही मोडले असेल, तर इमारतीबाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण बाहेर पडल्यावर ते नुकसान प्रवासातच झाले हे सिद्ध करणे अवघड जाते.