वाटाण्याच्या रोपासोबत मुलांना दादासाहेब फाळके कसे सांगावेत

दादासाहेब फाळके यांचे चरित्र मुलांना सांगताना ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ या बिरुदापासून सुरुवात करू नये, कारण ते कानावर पडताच हा परीक्षेचा प्रश्न आहे, असे मुले समजतात. नाशिकच्या मुलांना तर हा माणूस अगदी घरचा आहे: ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी. हलत्या चित्रांचा शोध फाळके यांनी लावला नव्हता. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चित्रे ७ जुलै १८९६ रोजीच मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती. ती विद्या शिकून घेऊन येथे उभी करणे, हे फाळके यांचे काम.

सुरुवात कुंडीपासून करावी. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर, पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून दिवसाला एक चौकट (फ्रेम) या हिशेबाने त्याच्या वाढीचे चित्रण केले. हाच प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. नाशिकची थंडी वाटाण्याला मानवते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. किराणा दुकानातले अख्खे वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून तीन-चार दाणे बोटाच्या एका पेराएवढे खोल पेरावेत. डाळ किंवा फ्रोझन मटार रुजत नाही. कुंडी आणि मोबाइलचा स्टँड यांच्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवाव्यात आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी, एकाच दिव्याच्या उजेडात फोटो काढावेत. महिन्याचे सुमारे ९० फोटो होतात. सेकंदाला दहा या वेगाने ते नऊ सेकंद चालतात. आमच्या पहिल्या प्रयत्नात आईने रोपाला ऊन मिळावे म्हणून रोज कुंडी मायेने फिरवली, त्यामुळे आमचे रोप चित्रफितीत मान हलवत नाचताना दिसते. घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

कोंब वर यायला आठवडा लागतो आणि खरे सांगणे या रिकाम्या दिवसांतच करावे. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपला राम, आपला कृष्ण असा पडद्यावर कधी येईल, हा विचार फाळके यांच्या मनात कसा आला, ते सांगावे. पुढे रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली, आणि ती सुधारल्यावर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठले, हा भाग घाईने उरकू नये. ‘पॉलिसी गहाण म्हणजे काय?’ असे मूल विचारतेच आणि त्याला नीट उत्तर द्यावे.

कॅमेरा समजावण्यासाठी स्वयंपाकघरातले पुरणयंत्र काढावे. त्या काळच्या कॅमेऱ्याची दांडी साधारणपणे सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी, अशी एकसारख्या गतीने हाताने फिरवावी लागे. घड्याळ लावून मुलाला रिकाम्या पुरणयंत्राची दांडी मिनिटभर त्याच गतीने फिरवायला सांगावे. विसाव्या सेकंदाला गती अडखळते आणि चाळिसाव्याला हात बदलावासा वाटतो. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागलेल्या, फाळके यांच्या पहिल्या चित्रपटामागचे, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’मागचे कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत.

याच टप्प्यावर फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव न विसरता घ्यावे, कारण फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या करत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने ती केली, यावर मुले मनसोक्त हसतात. त्यांना हसू द्यावे आणि मग स्त्रिया तेव्हा का पुढे येत नव्हत्या, हे बोलावे. ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळके यांची मुलगी मंदाकिनी हीच बाळकृष्ण झाली होती.

महिना भरला की फोटो थांबवून चित्रफीत जोडावी आणि एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात मुलांना न्यावे. बरोबर मोबाइल न्यावा आणि सावलीत बसून ते नऊ सेकंद तिथेच पाहावेत.