ब्रिटनमध्ये तंबू कुठे ठोकायचा? कॅम्पिंग आणि डोंगरभटकंतीची जागा कशी निवडावी

ब्रिटनमध्ये डोंगरात फिरायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी शिखराचं नाव धरतात. स्कॅफेल पाइक, स्नोडन, बेन नेव्हिस. मग पायथ्याची कॅम्पसाइट शोधायची आणि तिथे पोचायचं कसं ते सगळ्यात शेवटी बघायचं. हा क्रम उलटा करा. इथली हवा ठरल्या दिवशी शिखर देईलच असं नाही, म्हणून आधी मुक्कामाची दरी निवडायची. दरी चांगली की नाही हे ठरवायला एक कसोटी पुरते: तंबूपासून चालत दोन वाटा निघाल्या पाहिजेत. एक, हवा उघडली तर माथ्यावर नेणारी. दुसरी, ढग खाली उतरले तरी तीन-चार तास सुखाने चालता येईल अशी दरीतली. ही दुसरी वाट नसेल तर पावसाच्या दिवशी तंबूत लोळत पडायचं किंवा हट्टाने वर जायचं, एवढंच हातात उरतं. आणि पैसे खर्च करून आलेला माणूस हट्टच करतो.

१. आधी महिना ठरवा

सह्याद्रीतला पाऊस मुख्यतः चार महिन्यांत उरकतो. ब्रिटनमध्ये तो बारा महिने हजेरी लावतो, पण सगळीकडे सारखा नाही. ढग अटलांटिकवरून येतात आणि पश्चिमेच्या डोंगरांवर रिकामे होतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर पूर्वेला केंब्रिजच्या आसपास ६०० हूनही कमी. म्हणून पश्चिमेचा अंदाज वाईट असेल तर सहल रद्द करण्याऐवजी पूर्वेला किंवा दक्षिणेला सरकता येतं का ते बघा. नॉर्थ यॉर्क मूर्स आणि साउथ डाउन्स त्यासाठी हाताशी ठेवावेत.

नवख्यांसाठी मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर इंग्लंडमधल्या शाळांना सुटी असते, त्यामुळे जागा मिळत नाहीत आणि दर चढतात. मे महिन्यातल्या दोन्ही बँक हॉलिडेंचं, म्हणजे सार्वजनिक सुट्यांचं, आरक्षण बरंच आधी करावं लागतं. उजेडाचाही हिशेब हवा. जूनच्या अखेरीस लंडनला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात चारच्या आत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तंबू नको. चौदा-पंधरा तासांचा अंधार ओल्या तंबूत काढण्यात काही मजा नाही. त्या दिवसांत यूथ हॉस्टेल बरं.

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची बारीक चिलटं असतात. वारा पडलेली दमट सकाळ-संध्याकाळ ही त्यांची वेळ. वाऱ्याचा वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये तिकडे जायचं तर झाडीत लपलेली, तळ्याकाठची निवांत जागा टाळा आणि वाऱ्यावरची उघडी जागा घ्या. फोटोत मात्र नेमकी ती निवांत जागाच सुंदर दिसते.

२. तंबू लावायची परवानगी कुठे आहे?

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे, नॅशनल पार्कमधल्या जमिनीलासुद्धा. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क दिला, मुक्कामाचा नाही. त्यासाठी मालकाची परवानगी लागते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेतांच्या शेवटच्या दगडी कुंपणाच्या वर, संध्याकाळी उशिरा तंबू लावून सकाळी लवकर उठवला तर सहसा कोणी हटकत नाही. पण ती सवलत आहे, कोणी उठवलं तर उठायचं. अपवाद नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरचा. तिथल्या सामाईक जमिनीवर १९८५ च्या कायद्यानुसार तंबू लावता येतो, आणि कोर्टकज्जे होऊन मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो हक्क कायम ठेवला. तरी सगळं डार्टमूर मोकळं नाही. पार्कच्या नकाशात दाखवलेल्या भागातच, रस्त्यापासून किमान १०० मीटर दूर राहायचं. उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. त्याचं वेळापत्रक आधी बघायचं आणि लाल बावटा दिसला की त्या हद्दीत शिरायचं नाही.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू लावायचा हक्क आहे. अट अशी की माणसं थोडी, एका जागी फार तर दोन-तीन रात्री, आणि घरं व रस्त्यांपासून लांब. गाडी रस्त्याच्या कडेला लावून तिच्याच शेजारी तंबू ठोकणं यात बसत नाही. लॉख लोमंडच्या परिसरातल्या ठरावीक किनाऱ्यांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात परवाना लागतो.

पहिल्या एक-दोन सहलींना पैसे देऊन रीतसर कॅम्पसाइटच घ्या. रानातल्या मुक्कामाला तंबूपेक्षा नकाशाचा सराव जास्त लागतो.

३. नकाशावर दरी तपासा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या दोन मालिका कामाच्या. गुलाबी वेष्टणाची लँडरेंजर १:५०,००० ची. बेत आखायला, दोन दऱ्यांची तुलना करायला. नारिंगी वेष्टणाची एक्सप्लोरर १:२५,००० ची, प्रत्यक्ष चालायला. एक्सप्लोररवर ४ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि शेतांची कुंपणंही दिसतात. वाट भिंतीच्या कोणत्या बाजूने जाते हे धुक्यात फार महत्त्वाचं ठरतं.

सगळ्यात जास्त गोंधळ रेषांचा होतो. एक्सप्लोररवरची हिरवी तुटक रेषा म्हणजे कायदेशीर हक्काची वाट. तिथून जाता येतं एवढाच तिचा अर्थ, जमिनीवर मळलेली वाट असेलच असं नाही. काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर दिसणारी वाट. तिच्यावरून जायचा हक्क असेलच असं नाही. हिरवी आणि काळी जोडीने जात असतील तर निर्धास्त जा. नुसती हिरवी रेषा दलदलीच्या निळ्या खुणांमधून जात असेल तर घोट्यापर्यंत चिखल धरूनच चाला. फिकट पिवळा रंग म्हणजे मुक्तपणे फिरायची जमीन. स्कॉटलंडच्या नकाशांवर ही हिरव्या वाटांची पद्धत नाही.

चढ कसा मोजायचा? डोंगराळ भागाच्या एक्सप्लोररवर दोन समोच्च रेषांत उंचीचा १० मीटरचा फरक असतो, आणि दर पाचवी रेषा जाड. एका सेंटिमीटरमध्ये दहा रेषा आल्या तर २५० मीटर अंतरात १०० मीटर चढ, म्हणजे साधारण २२ अंश. इथवर चालणं आहे. रेषा एकमेकींना चिकटल्या आणि कड्यांच्या काळ्या खुणा आल्या की हात लावायची पाळी येते. स्नोडनजवळची क्रिब गॉख किंवा हेल्वेलिनची स्ट्रायडिंग एज या धारा तशा आहेत. ओल्या खडकावर आणि जोराच्या वाऱ्यात सह्याद्रीतल्या अनुभवावर विसंबून तिथे जाऊ नये.

४. एक दरी तपासून बघू: एडेल

पीक डिस्ट्रिक्टमधलं एडेल मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधल्या रेल्वेमार्गावर आहे. स्टेशनपासून कॅम्पसाइटपर्यंत चालत जाता येतं, गाडी लागत नाही. नकाशा एक्सप्लोरर ओएल १.

हवा चांगली असेल तर एडेल, अपर बूथ, जेकब्ज लॅडर, किंडर लो (६३३ मीटर), मग पठाराच्या दक्षिण कडेने ग्राइंडस्लो नॉल आणि खाली एडेल. अंतर साधारण १३ किलोमीटर, चढाई ४५० मीटरच्या आसपास. वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून चालतो: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं. म्हणजे १५६ मिनिटं अधिक ४५, जवळपास ३ तास २० मिनिटं. यात थांबे नाहीत, चिखल नाही, लहान मुलं नाहीत. दीडपट करा, पाच तास धरा. ग्रुप असेल तर सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने मोजा.

किंडरचं पठार सपाट, पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) काळ्या मातीचं आणि पाण्याने चिरलेल्या घळींचं आहे. धुक्यात मधून आडवं गेलं की प्रत्येक घळ सारखीच दिसते आणि दिशा सुटते. म्हणून कडेची वाट सोडायची नाही, आणि माथा ढगात असेल तर मुळात वर जायचं नाही. दुसरी वाट इथे मिळते: एडेलहून सुमारे ३९० मीटर उंचीच्या हॉलिन्स क्रॉस खिंडीतून पलीकडे कासलटनला उतरायचं, तिथे चहा-जेवण आणि गुहा आहेत, आणि होप स्टेशनवरून रेल्वेने परत. खिंडीतही वारा झोडपत असेल तर दरीतूनच अपर बूथपर्यंत जाऊन यावं. दरी कसोटीला उतरली.

हीच कसोटी स्कॅफेल पाइकला लावा. ९७८ मीटरच्या या शिखराला वॉसडेल हेडकडून सगळ्यात जवळची वाट आहे, पण तिथे रेल्वे नाही, नियमित बस नाही, आणि माथा ढगात असेल तर सोप्या वाटा मोजक्याच. बॉरोडेलकडून चाल लांब, सात-आठ तासांची. तरीही मुक्काम बॉरोडेललाच करा. केझिकहून बस येते, पावसात डरवेंटवॉटर तळ्याच्या काठाने हवं तेवढं चालता येतं, आणि कासल क्रॅग ही २९० मीटरची छोटी टेकडी अर्ध्या दिवसात होते.

लंडनहून दोन दिवसांसाठी निघायचं तर साउथ डाउन्स सोयीचं. खडूचा दगड पाणी लगेच शोषतो, म्हणून चिखल कमी. त्याच कारणाने माथ्यावर झरे-ओढे नाहीत. उन्हाळ्यात माणशी दोन ते तीन लिटर पाणी खालूनच न्यावं. ओला खडू मात्र भयंकर निसरडा.

किनाऱ्याची वाट घेतली तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक जवळ हवं. वेल्समधल्या पेंब्रुकशायरच्या वाटेवर सँडी हेवनजवळची खाडी ओहोटीलाच पार करता येते. वेळ चुकली तर कित्येक किलोमीटरचा वळसा.

५. पैसे भरण्याआधी फोन करा

वेबसाइटवर सगळं नसतं. फक्त तंबूंसाठी वेगळं मैदान आहे की मोटरहोमच्या रांगेत जागा मिळणार? ग्रुप चालतो का? बऱ्याच ठिकाणी फक्त कुटुंबांना घेतात आणि सहा-आठ मित्रांना नकार मिळतो. रात्री किती वाजेपर्यंत येऊ देतात? शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणारे इथेच अडकतात, कारण फाटक नऊ-दहाला बंद झालेलं असतं. पाऊस फार झाला तर मैदानाला पाणी लागतं का, आणि मग पैसे परत मिळतात का? मोबाइलला रेंज आहे का? इंग्लंडमध्ये २०२३ पासून शेतकऱ्यांना वर्षातले ६० दिवस तात्पुरती कॅम्पसाइट चालवता येते. अशा जागा स्वस्त आणि शांत, पण गरम पाण्याची अंघोळ आहे का ते खात्री करून घ्या.

भारतातून येणार असाल तर गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, इथेच घ्यावा लागतो. स्टोव्ह आट्यांच्या डब्याचा आहे की खटक्याच्या, ते बघून घ्या. एकाचा डबा दुसऱ्याला बसत नाही. आणि दुकान शहरातच गाठा, दरीत मिळेलच असं नाही.

६. मैदानावरची नेमकी जागा

पोचल्यावर तंबू लगेच उघडू नका, आधी मैदानाला एक फेरी मारा. गवत गडद हिरवं, लव्हाळ्यासारखं ताठ आणि झुपक्यांचं दिसलं की तिथे पाणी मुरतं. टाच दाबून बघा; पाणी वर आलं तर सोडा. खोलगट जागी पाणी साठतं आणि रात्री थंड हवाही तिथेच उतरून बसते. डोंगरातला ओढा वर झालेल्या पावसाने तास-दोन तासांत फुगतो, म्हणून काठापासून लांब आणि काठाहून वर राहा. झाडाखाली पाऊस थांबल्यावरही तासभर थेंब गळत राहतात, आणि वाऱ्यात वाळकी फांदी कोसळते. दगडी भिंतीचा आडोसा मात्र जरूर घ्या. वारा बहुधा नैऋत्येचा, तेव्हा तंबूची पाठ तिकडे आणि दार ईशान्येला. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडे.

शौचालयापासून तीस-चाळीस मीटर अंतर बरं. त्याहून जवळ घेतलं तर रात्रभर लोकांचे टॉर्च तंबूवर फिरतात.

७. शेवटचा निर्णय गुरुवारी

शनिवारचा बेत गुरुवारी संध्याकाळी पक्का करा. मेट ऑफिस (ब्रिटनचं हवामान खातं) आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस दोन्ही डोंगरांचा वेगळा अंदाज देतात. गावाचा अंदाज बघून चालत नाही. हजार मीटरवर गावापेक्षा सहा-सात अंश कमी असतात. पावसाच्या आकड्याआधी वारा वाचा. माथ्यावर ताशी ४० मैलांचे झोत असतील तर सरळ उभं राहणं कठीण, तेव्हा दुसरी वाट धरायची. दिवसभर पाऊस पण वारा कमी, हे चालण्यासारखं.

त्या भागाचा नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा, कागदी नकाशा आणि होकायंत्र तरीही न्या. संध्याकाळी पाय, गुडघ्यामागे आणि कमरेभोवती गोचीड तपासा, विशेषतः नेच्याच्या झुडपांतून चालला असाल तर. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. लाइम आजाराची ती खूण आहे.

मदत लागली तर ९९९ वर आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. ही सेवा स्वयंसेवकांची आणि मोफत आहे. रेंज कमी असेल तर ९९९ ला मेसेजही जातो, पण त्यासाठी फोनची आधी नोंदणी लागते: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवायचा आणि येणाऱ्या सूचना पुऱ्या करायच्या. घरून निघण्याआधीच करून टाका.