अमेरिकेत सप्रेसर घेताय? कागदपत्रांतल्या आणि डीलरकडच्या या चुका टाळा

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत सप्रेसरवरचा, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या नळीवरचा, २०० डॉलरचा केंद्रीय कर शून्यावर आला. १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट झाला तेव्हा हा आकडा ठरला आणि नव्वद वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे बातमी मोठीच. पण ती ऐकून बऱ्याच जणांनी असं धरलं, की आता दुकानात जायचं, कार्ड घासायचं आणि सप्रेसर पिशवीत टाकून घरी यायचं. तसं काही नाही. फॉर्म ४ (सप्रेसर नावावर करून घेण्याचा अर्ज), फोटो, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची मंजुरी हे सगळं जसंच्या तसं आहे. नोंदणी नसलेला सप्रेसर जवळ सापडला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही तसंच. मला तर वाटतं, दोनशे डॉलर जात होते तेव्हा लोक फॉर्म निदान नीट वाचत तरी होते.

आधी राज्य, मग व्हिसा

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई या आठ राज्यांत सामान्य माणसाला सप्रेसर ठेवताच येत नाही. म्हणजे एडिसन, शिकागो, बॉस्टन आणि बे एरियातल्या मराठी मंडळींचा विषय इथेच मिटला. बाकी ४२ राज्यांतही नियम एकसारखे नाहीत. कनेक्टिकटमध्ये सप्रेसर बाळगता येतो, पण तो लावून शिकार करता येत नाही.

व्हिसाचा मुद्दा आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा, आणि त्यांवर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याच कायद्यात सप्रेसरलाही बंदूकच धरलं आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद मिळतो, पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो आणि वस्तू मात्र घरात तशीच असते. कागदावर जमत असलं तरी मी कुणाला हा रस्ता सुचवणार नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, मग व्हिसावरच्या माणसाची काय कथा!

फॉर्मवर अमली पदार्थांचाही प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा उघड दुकानात मिळत असला, तरी फॉर्मवरचा प्रश्न केंद्रीय कायद्याचा आहे. ‘झोपेसाठी गांजाची एखादी गमी घेतो, ते काय नशा करणं झालं?’ असं स्वतःला समजावून ‘नाही’वर खूण केली, तर खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा होतो.

आणखी एक गैरसमज टेक्सासमध्ये हटकून ऐकू येतो: ‘टेक्सासमध्येच बनवलेला असेल तर फेडरल फॉर्म लागत नाही.’ राज्याने २०२१ मध्ये तसा कायदा केला हे खरं, पण त्याने केंद्राचा कायदा सुटत नाही. कॅन्ससने २०१३ मध्ये असाच कायदा केला होता. त्यावर भरवसा ठेवून व्यवहार केलेल्या दोघांवर केंद्रीय खटला चालला, ते दोषी ठरले आणि २०१८ मध्ये अपील कोर्टानेही शिक्षा कायम ठेवली. दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगो, फॉर्म भरा.

पैसे तुमचे, वस्तू डीलरची

बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे. तुम्ही पूर्ण किंमत मोजली, पावती खिशात आहे, तरी फॉर्म ४ मंजूर होईपर्यंत सप्रेसर डीलरच्याच नावावर नोंदलेला असतो. त्याच्या देखरेखीखाली त्याच्या रेंजवर तो वापरून बघता येईल, घरी नेता येणार नाही. आणि मधल्या काळात दुकानच बंद पडलं तर? तुमचा अर्ज तिथेच अडतो. वस्तू आधी दुसऱ्या डीलरच्या नावावर जाते, मग तुम्ही नव्याने अर्ज करता.

म्हणून पैसे देण्याआधी थोडी चौकशी करा. साधा बंदुकीचा परवाना असलेला प्रत्येक दुकानदार सप्रेसर विकू शकत नाही. त्याने त्यासाठीचा विशेष वार्षिक कर भरलेला असावा लागतो, ज्याला सगळे एसओटी म्हणतात. त्याचं वर्ष ३० जूनला संपतं. मे-जूनमध्ये घेत असाल तर ‘पुढच्या वर्षाचा एसओटी भरणार ना?’ हे विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न: ‘वस्तू तुमच्या दुकानात आणि तुमच्या नावावर आली आहे का?’ ती अजून वितरकाकडे असेल, तर आधी फॉर्म ३ वर डीलरकडे यावी लागते आणि त्यानंतरच तुमचा फॉर्म ४ भरता येतो. लोक पैसे दिल्याच्या दिवसापासून दिवस मोजतात आणि अर्ज मात्र गेलेलाच नसतो. काउंटरवरचा पोरगा ‘हो, सबमिट केलाय’ म्हणाला की अर्जाचा कंट्रोल नंबर मागा. खरंच गेला असेल तर नंबर लगेच मिळतो.

ऑनलाइन किंवा दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून घेता येतं, पण शेवटचं हस्तांतर तुमच्या राज्यातल्या डीलरमार्फतच होतं, आणि तो त्याची फी वेगळी लावतो. अर्ज नामंजूर झाला तर पैसे परत मिळणार की त्यातून काही कापणार, हेही लेखी घ्या. तोंडी आश्वासन मॅनेजर बदलला की हवेत जातं.

पिन टाकण्याआधी दोन मिनिटं

ई-फॉर्म्स या एटीएफच्या ऑनलाइन अर्जप्रणालीवर डीलर माहिती भरतो आणि तुम्ही पिन टाकून ती खरी असल्याचं प्रमाणित करता. म्हणजे चूक त्याच्या हातून झाली तरी सही तुमची. स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा, सप्रेसर समोर ठेवायला सांगा आणि नळीवर कोरलेला सीरियल नंबर एकेक अक्षर वाचत स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून पाहा. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक, मधली आडवी रेघ, सगळं. मॉडेल आणि कॅलिबरही बघा. वितरकाच्या फॉर्म ३ वरच चूक झाली असेल तर तीच पुढे तुमच्या अर्जात उतरते, आणि मंजुरीनंतर ती निस्तरणं फार कटकटीचं.

नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि बँकेत वडिलांचं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांवर माहेर आणि सासर दोन्ही नांदत असतात. अर्जावर, ठशांवर आणि वस्तू घेताना दाखवायच्या ओळखपत्रावर नाव एकच हवं. आधीची नावं लिहायला ठशांच्या कार्डावर रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. नागरिक नसाल तर यूएससीआयएस नंबरही (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) अचूक हवा.

ठसे नाकारले जाणं हे अगदी सर्रास घडतं. हिवाळ्यात कोरडी पडलेली, सारखी भांडी घासून किंवा सुतारकाम करून गुळगुळीत झालेली बोटं उमटतच नाहीत. आदल्या काही दिवसांत हातांना क्रीम लावत जा, पण ठसे देताना हात धुऊन कोरडे करा. डीलरकडच्या यंत्रावर डिजिटल ठसे घेतले तर ती फाइल अर्जाला थेट जोडता येते. शाईचे ठसे दिलेत तर एफडी-२५८ ची दोन कार्डं, सोबत ई-फॉर्म्सने दिलेलं बारकोडचं कव्हरशीट, आणि ते अर्ज गेल्यापासून कामाच्या १० दिवसांच्या आत टपालात पडलं पाहिजे. ‘डीलर पाठवेल’ असं तुम्ही धरता, ‘गिऱ्हाईक पाठवेल’ असं डीलर धरतो, आणि अर्ज बाद. कुणी पाठवायचं ते काउंटरवरच ठरवा.

शेरीफच्या सहीसाठी मात्र खेपा घालू नका. जुलै २०१६ पासून स्थानिक पोलीसप्रमुखाला फक्त एक प्रत कळवण्यापुरती पाठवायची असते, परवानगी घ्यायची नसते.

ट्रस्ट, आणि घरातली माणसं

स्वतःच्या नावावर घेतलात तर कागद कमी, पण तो तुमच्याशिवाय कुणाच्या ताब्यात असता कामा नये. बायकोला तिजोरीचा आकडा माहीत असला तरी प्रश्न उठू शकतो. म्हणून लोक ट्रस्ट काढतात आणि सप्रेसर त्याच्या नावावर घेतात. त्यात जे जे ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ (जबाबदार व्यक्ती) असतील त्या प्रत्येकाचे फोटो, ठसे आणि वेगळी प्रश्नावली लागते. एकाचा फोटो राहिला तरी सगळा अर्ज अडतो. दुकानात फुकट मिळणारा छापील ट्रस्ट घाईत भरून, एकाही साक्षीदाराविना जोडणारे महाभाग असतात. पन्नास-शंभर डॉलर वाचवायची ही जागा नव्हे.

बायको अजून एच-४ वर असेल तर तिचं नाव ट्रस्टमध्ये घालू नका. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आले असतील तर किल्ली देवघराच्या खणात ठेवू नका. तेही नॉन-इमिग्रंटच.

अर्ज अडला तर

नामंजुरीचं पत्र आलं की आधी कारण वाचा. कागदाची चूक असेल तर दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. पार्श्वभूमीच्या तपासणीत ‘डिनाइड’ आलं असेल तर रस्ता वेगळा: एफबीआयकडे त्याला आव्हान द्यावं लागतं, डीलरशी हुज्जत घालून काही होत नाही. नाव फार प्रचलित असल्यामुळे दर वेळी तपासणी लांबत असेल, तर एफबीआयच्या ऐच्छिक नोंदीत अर्ज करून यूपिन हा क्रमांक घेता येतो. पुढच्या फॉर्मवर तो लिहिला की दुसऱ्या कुणाच्या नोंदी तुमच्या माथी येत नाहीत.

अर्ज चालू असताना दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर डीलरपासून ते लपवू नका. जुन्या पत्त्यावर मंजूर झालेला सप्रेसर गुपचूप उचलून नेणं चूकच. नव्या राज्यातल्या डीलरमार्फत पुन्हा सुरुवात करावी लागते. राज्यातल्या राज्यात घर बदललं असेल तर वस्तू घ्यायला जाण्याआधी लायसन्सवरचा पत्ता बदला, कारण उचलताना फॉर्म ४४७३ हा बंदूक खरेदीचा फॉर्म भरायचा असतो आणि त्यावर सध्याचा राहता पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. मंजुरीनंतर घर बदललं तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या एटीएफच्या एनएफए (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) विभागाला कळवा.

चिनी साइटवर तीस डॉलरला मिळणारे ‘सॉल्व्हेंट ट्रॅप’ (बंदूक साफ करताना द्रावण गोळा करायची नळी म्हणून विकली जाणारी किट) मात्र मागवूच नका. सप्रेसरचे सुटे भागही कायद्यात सप्रेसरच ठरतात, आणि २०२२ मध्ये अशा किटवर आधारलेले फॉर्म १ चे (स्वतः सप्रेसर बनवण्याचे) अर्ज एटीएफने गठ्ठ्याने फेटाळले.

कायमचे भारतात परतणार असाल तर सामानात सप्रेसर टाकायचा विचारही नको. अमेरिकेबाहेर न्यायला निर्यातीचा परवाना लागतो, आणि भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीचा आवाज कमी करणारं साधन हे बंदुकीच्याच व्याख्येत येतं. निघण्याच्या बऱ्याच आधी तो इथल्याच डीलरला विका. त्या हस्तांतरालाही फॉर्म लागतो, आणि विमानाचं तिकीट एटीएफच्या सोयीने निघत नाही.