जुनी अ‍ॅल्युमिनियमची केबिन बोट घेताय? आधी मागची फळी ठोकून बघा

अमेरिकेत, खास करून मिशिगनसारख्या तळ्यांच्या राज्यात, सत्तरच्या दशकातल्या स्टारक्राफ्ट कंपनीच्या केबिन बोटी अजून कुणाच्या ना कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या दिसतात आणि इतक्या स्वस्तात मिळतात की आपले हात शिवशिवायला लागतात. घ्या की, पण पैसे द्यायच्या आधी कागद बघा. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटीवर १२ अक्षरी-अंकी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) असतो, तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे.

घरी आणली की सगळ्यांना पहिल्यांदा रंग नाहीतर केबिनच्या गाद्या सुचतात. थांबा जरा. पत्रा सहसा ठणठणीत असतो, कुजतं ते आतलं लाकूड. आधी भरपूर फोटो काढा आणि मग फ्लोअर उचला. खालचा फोम पिळून बघा, पाणी गळलं तर सगळा काढून टाका, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि असा भिजलेला फोम तुम्ही वर्षानुवर्षं फुकट वाहत असता. पण नंतर नवीन फोम घालायचाच, बोटीत पाणी शिरलं तर तोच तरंगत ठेवतो. एक्सपीएसच्या (कडक थर्मोकोलसारख्या फोमच्या) शीट वापरल्या तर पेट्रोलपासून लांब ठेवा, विरघळतात.

आता ट्रान्सम, म्हणजे इंजिनचा सगळा भार घेणारी मागची फळी. हातोडीने ठोका, टणटण आवाज आला तर नशीब, भद्द आला तर आतलं प्लायवूड गेलंय. जुनं निघेल तेवढं अख्खं काढा, तोच नव्याचा साचा. जाडी मोजून तेवढीच ठेवा, मर्क्रूझर कंपनीचा स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा ट्रान्समच्या बाहेर) असेल तर साधारण २ ते सव्वादोन इंच लागते. मरीन प्लायच्या शीट इपॉक्सीने एकावर एक चिकटवा, कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. बोल्टचं भोक मात्र आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने बुजवायचं आणि सुकल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. कंटाळवाणं काम आहे, पण मागच्या माणसाने हेच टाळलं म्हणून तर आज फळी तुम्ही बदलताय.

आणि दुकानदार म्हणेल प्रेशर ट्रीटेड प्लाय घ्या, कुजत नाही. घेऊ नका! त्यात तांबं असतं आणि तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. याच कारणाने तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग पेंट (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) नको, आणि खाली पडलेलं तांब्याचं नाणंसुद्धा लगेच उचला. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावताना टेफजेलसारखी दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट मध्ये हवीच. पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, लावतात; पण गोड्या पाण्यात झिंकचा अ‍ॅनोड फारसं काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लावा.

गळती शोधायला बोट ट्रेलरवरच ठेवून आत चार-पाच इंचच पाणी भरा, जास्त नको, वजनाने पत्रा वाकेल. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करा. सैल रिव्हेट पुन्हा ठोकता येतो, एकाने बाहेरून एअर हॅमर धरायचा, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा. (नवराबायकोने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.) जिथे आतून हातच जात नाही तिथे बंद तोंडाचा पॉप रिव्हेट, सीलंटमध्ये बुडवून. मग आतून सगळ्या शिवणींवर ग्लुव्हिट, म्हणजे गळती बुजवणारं इपॉक्सी.

रंगाचं थोडक्यात: घासा, पुसा, त्याच दिवशी सेल्फ एचिंग प्रायमर (उघड्या धातूला घट्ट धरणारा). वायरिंग जुनं ठेवू नका, कथलाचा मुलामा दिलेली मरीन वायर घ्या. आत पेट्रोलचं इंजिन असेल तर वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर पंखा चालू स्थितीत पाहिजे आणि स्टार्टर, अल्टरनेटर मरीनचेच हवेत. गाडीचे स्वस्त पडतात खरे, पण त्यांची ठिणगी बंद जागेतल्या पेट्रोलच्या वाफेला पुरते.

पहिल्यांदा पाण्यात उतरवताना बोटीला ट्रेलरशी बांधणारा पट्टा सोडू नका, बोट ट्रेलरवरच राहू दे आणि दहा मिनिटं फ्लोअरखाली टॉर्च मारून बघा. आणि हो, तळाच्या भोकाचं बूच, म्हणजे ड्रेन प्लग, लावलाय ना? मी लावला नव्हता.