ब्रिजिड म्हणजे नक्की काय? आयरिश नावाचं मूळ शोधायची पद्धत

एखादं आयरिश मुलीचं नाव गूगल करून बघा, बाळांच्या नावांच्या साइटवर एकेका नावाचे चार-चार गोड अर्थ मिळतात आणि त्यातले बरेचसे एकमेकींवरून कॉपी-पेस्ट केलेले असतात. आयर्लंडला राहणारे मराठी आईबाप असा की नुसतं कुतूहल असो, थोडी चिकाटी ठेवली तर खरं मूळ घरबसल्या आणि फुकटात शोधता येतं. उदाहरणाला ब्रिजिड घेऊ, कारण जुनं आहे, प्रसिद्ध आहे, आणि चुकीचे अर्थही त्याला भरपूर चिकटलेत.

आधी 'केल्टिक नाव' म्हणणं सोडा. केल्टिक ही एक भाषा नाहीच, ते एक कुटुंब आहे, एकीकडे आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स, दुसरीकडे वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन. त्यामुळे नाव यातल्या कुठल्या भाषेतलं ते आधी ठरवा, नाहीतर वेल्श नावाचा अर्थ आयरिश डिक्शनरीत शोधत बसाल. ब्रिजिड आयरिश.

मग त्याचं सगळ्यात जुनं स्पेलिंग काढा, ही पायरी अजिबात टाळू नका. आज आयर्लंडमध्ये हे नाव 'ब्रीद' असं लिहितात (काही भागात ऐकायला 'ब्रीज' येतं), त्याआधी मधे एक न उच्चारलेलं 'जीएच' असायचं, आणि त्याच्याही मागे जुन्या आयरिशमध्ये बी-आर-आय-जी-आय-टी. हे बघून आपण बिनधास्त 'ब्रिगिट' वाचतो पण जुन्या आयरिशमध्ये स्वरांच्या मधला ग मऊ व्हायचा आणि शेवटचा ट हा द व्हायचा, म्हणजे उच्चार साधारण 'ब्रियिद' असा. पुढे मधला मऊ ग विरघळला आणि इ लांबली. जुन्या शब्दांसाठी डी-आय-एल डॉट आय-ई वर जुन्या आयरिशची मोठी डिक्शनरी आहे, साधारण 700 ते 1700 सालांमधली भाषा त्यात आहे. आजचा उच्चार ऐकायचा तर टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन डॉट आय-ई, तिथे अल्स्टर, कॉनाख्त आणि मन्स्टर अशा तिन्ही बोलींतलं रेकॉर्डिंग मिळतं, स्पेलिंगवरून अंदाज करण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

आता अर्थ. 'शक्ती' हा अर्थ बऱ्याच ठिकाणी दिसेल, तो आला 'ब्रीग' या जुन्या आयरिश शब्दावरून, त्याचा अर्थ खरंच शक्ती, जोर असा आहे. पण ब्रीगमधली ई दीर्घ आणि जुन्या नावातली इ ऱ्हस्व! शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून मार्क कापले जायचे तेव्हा वैताग यायचा, इथे मात्र त्याच एका मात्रेवर सगळं अडतं. आजच्या 'ब्रीद'मधली दीर्घ ई नंतरची आहे, तिच्यावरून मूळ ठरवायला गेलात की फसलात.

दुसरा फेमस अर्थ 'अग्निबाण'. हा मात्र इंटरनेटवाल्यांनी बनवलेला नाही, चांगला हजारेक वर्षं जुना आहे. मन्स्टर या आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या प्रांताचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो 908 मध्ये लढाईत मारला गेला, त्याच्या नावावर एक शब्दकोश आहे आणि त्यात ब्रिजिड म्हणजे 'ब्रेओ-साइगित', ज्वाळेचा बाण, अशी फोड दिलीये. त्या काळी शब्द तोडून त्यात अर्थ बसवायची फॅशनच होती (आपल्याकडच्या हौशी व्युत्पत्तीकारांना हे ओळखीचं वाटेल). फोड म्हणून चूक, पण कोश टाकाऊ नाही हं, कारण तोच सांगतो की ब्रिजिड ही दाग्दा या देवाची मुलगी, कवींची आराध्य देवी, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची.

अग्नी इतका घट्ट चिकटण्याचं कारण आयर्लंडमधलं किल्डेअर हे गाव. ब्रिजिड नावाच्या ख्रिस्ती संतिणीचा मठ तिथे होता, तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात, आणि ती संत आणि ती देवी यांचं नातं काय यावर अभ्यासक अजून भांडतायत. 1180 च्या दशकात वेल्सचा जेराल्ड नावाचा पाद्री आयर्लंडला गेला होता, तो लिहितो की किल्डेअरला एक अखंड अग्नी आहे, एकोणीस जोगिणी एकेक रात्र पाळीपाळीने तो राखतात, आणि विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं शेजारी रचून ठेवते, ब्रिजिडला सांगते की आजची पाळी तुझी, आणि निघून जाते. सकाळी लाकडं जळलेली आणि अग्नी तसाच. अशी गोष्ट ऐकल्यावर अग्निबाण कोणाला खोटा वाटणार!

तर मग खरा अर्थ कुठे मिळेल? नावाचे नातेवाईक शोधा. उत्तर इंग्लंडमध्ये रोमन काळात ब्रिगान्तेस नावाची जमात होती, तिथल्याच शिलालेखांत ब्रिगान्तिया नावाची देवी भेटते, आणि ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झ शहराचं जुनं नाव ब्रिगान्तियम. सगळ्यांच्या बुडाशी 'उंच' या अर्थाचा एकच धातू आहे, जर्मनमधला डोंगरवाचक 'बेर्ग' त्यातलाच. आणि संस्कृतात? बृहत्! ब्रिजिडचं केल्टिक कुटुंबाच्या मूळ भाषेतलं रूप 'ब्रिगान्ती' आणि आपलं स्त्रीलिंगी 'बृहती' ही सख्खी भावंडं आहेत. म्हणजे नावाचा अर्थ 'उंच, थोर, महती असलेली', आणि बृहन्मुंबईतला बृहत् हा तिचा लांबचा पण पक्का नातलग. अभ्यासक हेच मूळ धरतात, त्यामुळे कोणी विचारलं तर बेधडक सांगा.

अर्थ मिळाला तरी थांबू नका, नाव लोकांनी वापरलं कसं तेही बघा. आयर्लंडमध्ये 'माएल ब्रिग्ते' म्हणजे ब्रिजिडचा भक्त असं पुरुषांचं नाव असायचं, आपल्या रामदास-विठ्ठलदासांच्याच पठडीतलं. 'मॅकब्राइड' आणि 'किलब्राइड' ही आडनावं त्याच भक्तीतून आली. स्वीडनमध्ये ती बिर्गिट्टा, फ्रान्समध्ये ब्रिजित, पोर्तुगीजमध्ये ब्रीजिदा. इंग्रजीत ब्रिजेट, आणि लाडाचं बिडी. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने पोळलेल्या आयरिश मुली अमेरिकेत घरकामाला गेल्या तेव्हा 'बिडी' म्हणजे मोलकरीण असंच समीकरण झालं, चित्रांतून तिची टिंगल व्हायची, साहजिकच पुढच्या पिढीत अनेकांनी मुलींना हे नाव द्यायचं टाळलं. हा भाग नावांच्या साइटवर सहसा नसतो. तो शोधायला 1901 आणि 1911 ची आयरिश जनगणना ऑनलाइन फुकट आहे, ब्रिजेट टाकून कुठलंही एक गाव उघडा आणि वय-व्यवसायाचे कॉलम वाचा. 1964 पासूनच्या नावांचे आकडे तिथल्या सेंट्रल स्टॅटिस्टिक्स ऑफिसच्या साइटवर आहेत.

नाव ठेवायचंच असेल तर जन्मदाखल्यावर स्पेलिंग आधी ठरवा. 'ब्रीद' लिहिणार असाल तर आय या अक्षरावरची तिरकी रेघ, तिला फाडा म्हणतात, ती सोडू नका, ती दीर्घत्वाची खूण आहे आणि पासपोर्टपासून शाळेपर्यंत सगळीकडे गळते. संतिणीचा सण 1 फेब्रुवारीला, 2023 पासून तिच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे वाढदिवस त्या आसपास आला तर चंगळ.

ही पद्धत मग दुसऱ्या नावांवर वापरून बघा. नीव्ह सोपं आहे, जुन्या आयरिशमध्ये 'निअव' म्हणजे तेज, झळाळी, डिक्शनरीत थेट सापडतं. शिव्हॉन मात्र गंमतशीर, दिसायला अस्सल आयरिश पण ते फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर आलेल्या 'जेहान'चं आयरिश रूप, म्हणजे मूळ हिब्रू, जॉनच्या घराण्यातलं. तिथे आयरिश कोश कितीही उलटापालटा केला तरी अर्थ लागणार नाही, बायबलमधल्या नावांचा कोश काढावा लागेल.