कुलूप मीच लावायला सांगितलं होतं

हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात नवीन लागलात की महिनाभरात कुणीतरी म्हणतंच, "ते एचव्हीए तेवढं उरकून टाका, एनएबीएचवाले येतायत." एचव्हीए म्हणजे हॉस्पिटलवर कुठकुठली संकटं येऊ शकतात याचा तक्ता, एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था. मागोमाग एक्सेल येते. शक्यता, परिणाम, तयारी, आकडे. ते तुम्ही कोर्समध्ये शिकलाय, त्यात शिरत नाही.

मी तो तक्ता दोन दुपारी एसीत बसून भरला. आगीपुढे 'तयारी चांगली', कारण आग विझवायचे सिलिंडर भिंतीवर होते आणि जानेवारी-जुलैचे फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचे दाखले, फायलीला होते. बाळचोरीपुढे 'धोका जास्त', कारण बाळंतिणींच्या वॉर्डात मागच्या जिन्यानं कुणीही वर यायचं; मोबाइल तर सारखेच जायचे. उपाय मीच लिहिला: मागचं दार रात्री आठनंतर कुलूपबंद. मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली.

चार महिन्यांनी रात्री अडीचला मॉक ड्रिल घेतलं. सिस्टरनं कोड रेड, म्हणजे आगीचा इशारा, पुकारला. मावशी खोटी बाळं छातीशी धरून बाहेर पडायच्या हिरव्या पाटीच्या दिशेनं धावल्या आणि माझ्या कुलपापाशी थांबल्या. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन मेन गेटला, त्याचा फोन चार्जिंगला. दार उघडायला अकरा मिनिटं लागली. मी हातात स्टॉपवॉच घेऊन उभी होते. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

इथे जरा थांबा. तक्त्यात आग पाचव्या ओळीत होती, बाळचोरी तेविसाव्या. एका ओळीचा उपाय दुसऱ्या ओळीचा धोका होऊन बसला होता आणि तक्ता ओळीओळीनं भरला तर ते कधीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक उपायापुढे एक रकाना वाढवा: लाइट गेलेत, धूर झालाय, तर यानं कुणाची वाट अडते? रुग्णानं उडी मारू नये म्हणून खिडकीला लावलेली जाळी. वीज गेली की बंदच राहणारं कार्डाचं दार. कुणी छेडू नये म्हणून कुलपात ठेवलेला ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह. सगळे उपाय चांगल्या हेतूचेच असतात.

"आपल्याकडे कुठे असं होतंय?" हे ऐकायला मिळणारच. त्यांना 2021 सालाची आठवण करून द्या. 9 जानेवारीला भंडाऱ्यात हॉस्पिटलच्या आगीत दहा बाळं गेली. 21 एप्रिलला नाशिकच्या हॉस्पिटलात आग नव्हतीच, ऑक्सिजनची टाकी गळली. दोनच दिवसांनी विरारच्या हॉस्पिटलचा आयसीयू पेटला. भंडारा आणि विरार, दोन्ही मध्यरात्रीनंतरचे. तुमचा तक्ता दुपारचा असेल तर तो अर्धाच आहे.

तयार तक्ते विकणाऱ्या कन्सल्टंटांबद्दल मी चांगलं बोलणार नाही. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात त्सुनामीची ओळ होती. आमचं गाव समुद्रापासून चारशे किलोमीटर. मी खरं शिकले ते आमच्या इलेक्ट्रिशियन मामांकडून. एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी जास्त अँपिअरचा बसवून टाकला होता. वायर तीच जुनी, म्हणजे ती तापली तरी एमसीबी पडणार नाही. हे कुठल्याच फायलीत नव्हतं, मामांना मात्र ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डिग्री नंतर दाखवा, आधी त्यांच्यासोबत एक रात्रपाळी फिरा.

आणि पहिला तक्ता चुकला म्हणून खचू नका. सगळ्यांचाच चुकतो, माझा ड्रिलमध्ये चुकला, एवढंच माझं नशीब.

त्या दाराला आता पॅनिक बार आहे: बाहेरून बंद, आतून ढकललं की उघडतं आणि नर्सिंग स्टेशनला भोंगा वाजतो. मॅनेजमेंटनं खर्चावरून दोन महिने घोळवलं, तोवर रात्रीपुरता एक माणूस तिथे खुर्ची टाकून बसवला. बार बसल्यावर तिसऱ्या आठवड्यात भोंग्यात कापूस कोंबलेला सापडला. रात्री चहाला जाणाऱ्यांना आवाजाचा त्रास होत होता. ती ओळ आता तक्त्यात चोविसावी आहे.